सोलापुरात राहून नवख्यांना उंच डोंगरासाठी तयार कसं करायचं

आपल्या गावातनं दरवर्षी कुणी ना कुणी ग्रुप करून हिमालयात ट्रेकला जायलेत. ऑफिसातले चार, सोसायटीतले तीन, एखाद्या काकू, एखादं कॉलेजचं पोरगं असा सगळा मेळ असतो आणि त्यात ज्यानं आधी चार किल्ले केलेत त्याच्या गळ्यात "तू दे की बे आम्हाला ट्रेनिंग" असं पडतंय. हे त्या माणसासाठी लिहितोय. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, चारी बाजूनं सपाट, उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री, डोंगर म्हणावं असं जवळ काही नाही, तरी इथं राहून १२-१४ हजार फुटांच्या ट्रेकची तयारी नीट होते. आनंद बनसोडे सोलापूरचेच, २०१२ ला एव्हरेस्ट करून आले, त्यामुळं "आपल्याकडं डोंगरच नाहीत ओ" हे कारण कुणाचं ऐकून घेऊ नका. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा, नवख्यांना पळवणं सोपं असतंय, त्यांना हळू चालायला लावणं लई अवघड जातंय, आणि वर गेल्यावर तेच कामाला येतंय.

आधी ट्रेक आणि महिना ठरवा, मग ट्रेनिंग. उलटं केलं की दोन आठवड्यात ग्रुप फुटतो. पहिल्या वेळेला केदारकंठा (उत्तराखंडातलं शिखर, ३८१० मीटर, म्हणजे १२,५०० फूट) किंवा फार तर हंप्टा पास (हिमाचलातली खिंड, ४२७० मीटर) इतकंच बघा, यूट्यूबवर बघून कुणी एकदम सहा हजार मीटरचं शिखर म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. केदारकंठ्याला महिना मी मे सांगेन, कारण मग तयारी नोव्हेंबरला सुरू होते, थंडीचे तीन-चार महिने हाताशी येतात, सह्याद्रीत पण तेव्हा चालायला मजा असते. सप्टेंबरचा ट्रेक धरला तर तयारीचा अर्धा काळ आपल्या एप्रिल-मे मध्ये जातो आणि सकाळी सात वाजताच ऊन असं भाजतंय की लोकं येणंच बंद करतात. हिवाळ्यात सुरू केलं तरी मार्च उजाडला की वेळ पहाटे पाचची करा, त्यात सवलत देऊ नका. उन्हात चाललं की नाडी आधीच वर गेलेली असते, माणसाला वाटतं आपला दम कमी पडायलाय, आणि उष्माघात झाला तर ट्रेक राहिला बाजूला.

चालायला लावायच्या आधी डॉक्टर. चाळीशीच्या पुढच्यांना बीपी, शुगर, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती), दमा किंवा हृदयाचं काही असेल तर त्यांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय पुढं नाही. आणि सगळ्यांचं, विशेषतः बायकांचं, हिमोग्लोबिन बघा. हे कुणी सांगत नाही. ऑक्सिजन रक्तातनं नेणारी गोष्ट तीच, ती कमी असेल तर वरच्या विरळ हवेत माणूस दुप्पट दमणार. पाच-सहा महिने हातात असतात, डॉक्टरांकडनं औषध घेऊन ते भरून काढता येतं, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात करायचं, एप्रिलमध्ये कळून काय उपयोग.

आता पाय. पहिला महिना नुसतं चालणं, आठवड्यातनं चार दिवस पाऊण-एक तास, पार्क स्टेडियमला मारा चकरा नाहीतर धर्मवीर संभाजी तलावाकडं जा नाहीतर विजापूर रोडला जावा, जागा कुठलीही चालेल. नियम एकच, चालताना शेजारच्याशी सलग बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला, कमी करा. तरण्या पोरांना हे अपमानासारखं वाटतंय, त्यांना पळायचं असतंय, पण लांबच्या चढाला लागणारा दम ह्या बोलत-बोलत चालण्यातनंच तयार होतोय. पळणं दुसऱ्या महिन्यापासनं, आठवड्यातनं दोनदा, आणि ट्रेकच्या महिनाभर आधी पाच किलोमीटर ३५-४० मिनिटांत आरामात झालं की माझ्या हिशोबानं तेवढं बास. वाढवताना दर आठवड्याला थोडं थोडं, साधारण दहा टक्क्यांनी, आणि दर चौथा आठवडा हलका. ह्या हलक्या आठवड्याला लोकं "आळस कशाला" म्हणतात, म्हणू द्या.

चढासाठी जिना. सोलापुरात ह्याला दुसरा पर्याय नाही आणि खरं सांगायचं तर ह्यापेक्षा चांगला पर्याय पण नाही. हिशोब करा, एका मजल्याला साधारण तीन मीटर, सहा मजले चढलं की १८ मीटर. अशा १७ फेऱ्या झाल्या की ३०० मीटर चढ झाला. आतकरवाडीतनं सिंहगड साधारण ६०० मीटरचा चढ हाय, म्हणजे ३४ फेऱ्या, लिफ्टकडं न बघता. जुळे सोलापुरातली एखादी सहा मजली बिल्डिंग धरा, वॉचमन काकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहाटे पाचला पाठीवर सॅक लावलेली सात माणसं जिन्यात बघून ते पोलिसांना फोन करतील. पहिल्या दिवशी पाच फेऱ्या, मोकळ्या पाठीनं. दर आठवड्याला दोन-दोन वाढवत न्या. दुसऱ्या महिन्यापासनं सॅक, आधी तीन किलो, मग पाच, मग सात-आठ.

वजनासाठी पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या सगळ्यात बऱ्या, एक लिटर म्हणजे एक किलो, वजन काटा नको. बाहेरची लोकं काय करतात, चढताना पाणी घेऊन जातात आणि माथ्यावर ओतून देतात म्हणजे उतरताना गुडघ्यावर भार कमी. पण आपल्याकडं पाण्याची टंचाई, गच्चीवर पाणी ओतलं तर बिल्डिंगमधल्या बायका तुम्हाला परत जिन्यात पाय ठेवू देणार नाहीत. गच्चीवरच्या कुंड्यांना घाला, सगळे खूश. पहिले दीड-दोन महिने असंच हलक्या पाठीनं उतरायचं, त्यानंतर हळूहळू वजनासकट उतरायला लावा, कारण डोंगरावर सॅक घेऊनच खाली यायचं असतंय.

आणि उतरण्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण नवख्यांची वाट तिथंच लागते. चढताना दम लागतो, दम थांबलं की परत येतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलत असतात, त्याची सवय नसली की दुसऱ्या दिवशी माणूस कमोडवर बसताना ओरडतो. ह्यावर व्यायाम साधा हाय. जिन्याच्या एका पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पुढं हवेत, आणि उभ्या पायाचा गुडघा वाकवत वाकवत दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला अगदी हळू टेकवायची, मनात चार मोजत. टेकवायची फक्त, भार टाकायचा नाही, परत वर. गुडघा आत वळायला नको, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, हे तुम्ही समोर उभं राहून बघा कारण त्याला स्वतःला कळत नाही. एका पायावर दहा, असे तीन सेट, आठवड्यातनं दोन-तीन वेळा. ह्याच्या जोडीला उठाबशा, पोटरीसाठी टाचा वर उचलणं आणि पोट-कंबरेसाठी प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं), बास झालं. जिमची फी भरायची गरज नाही.

दोन-अडीच महिने झाले की सह्याद्रीत जायचं. त्याच्या आधी जवळच्या जवळ येडशीजवळच्या रामलिंगला एक रविवार जाऊन या, बालाघाटचे डोंगर, उंची किरकोळ पण दगडगोट्यांवर पाय कसा टाकायचा हे जिन्यात कळत नाही (अभयारण्य हाय ते, वन खात्याचे नियम पाळा, भटकू नका कुठंही). आपल्याकडं कोजागिरीला हजारो लोकं तुळजापूरला चालत जातात, ४५ किलोमीटर, त्यातली लोकं तुमच्या ग्रुपात असली तर त्यांना सहनशक्ती शिकवावी लागत नाही, पायाला फोड कसे येतात ते पण त्यांना पाठ असतंय. पण ती वाट डांबरी, त्यामुळं तेवढ्यावर "मला सगळं जमतंय" म्हणू देऊ नका.

सह्याद्रीत क्रम असा ठेवा. पहिला सिंहगड, पायवाटेनं, गाडीनं वर जाऊन भजी खाणं मोजायचं नाही. मग राजगड नाहीतर तोरणा. मग कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, बारी गावातनं आठ-नऊशे मीटरचा चढ पडतो आणि हिमालयातल्या एका मोठ्या दिवसाचा अंदाज येतो. शेवटी ट्रेकच्या महिनाभर आधी लागोपाठ दोन दिवस, शनिवारी एक गड, रविवारी दुसरा, सॅकमध्ये सहा-सात किलो. खरी परीक्षा ही. एक दिवस कुणीही मारून नेतं, हिमालयात पाच-सहा दिवस रोज उठून चालायचं असतं. रविवारी सकाळी कोण कसं उठतंय, कोण गप्प झालंय, कोण शिव्या देत का होईना पण बूट घालायलंय, हे बघून ठेवा.

ह्या ट्रेकमध्ये चालायची पद्धत शिकवा. सगळ्यात पुढं अनुभवी माणूस, त्याच्या मागं ग्रुपातला सगळ्यात हळू माणूस, बाकीचे त्याच्या मागं, शेवटी परत एक अनुभवी. पुढच्याच्या पुढं कुणी जायचं नाही आणि शेवटच्याच्या मागं कुणी राहायचं नाही. हळू माणसाला मागं टाकलं की काय होतं, पुढचे पळत जाऊन दहा मिनिटं बसतात, तो धापा टाकत पोचतो तवर हे उठून निघतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात गरज त्यालाच ती मिळत नाही. उभ्या चढाला पाऊल छोटं, आणि मागचा पाय सरळ करून गुडघा क्षणभर लॉक करायचा, तेवढ्या क्षणात भार हाडावर जातो आणि मांडीला सुट्टी मिळते, मग पुढचं पाऊल. दिसायला हे लग्नातल्या नवऱ्यामुलासारखं चालणं वाटतंय आणि पोरं हसतात, पण १३ हजार फुटावर सगळे तसेच चालतात. घसाऱ्यावर उतरताना मागं रेलायचं नाही, गुडघे थोडे वाकवून, छोटी पावलं, काठी पुढं. दोन काठ्या घेतल्या तर गुडघ्याला फार आराम पडतो, उतरताना त्या थोड्या लांब करायच्या.

सामानाचं पटकन. बूट संध्याकाळी विकत घ्यायचे कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, जाड मोजे घालूनच ट्राय करायचे, पुढं अंगठ्याएवढी जागा मोकळी पाहिजे, आणि नवी पेठेत घेतलेले बूट थेट डेहराडूनला घालायचे नाहीत, निदान दोन सह्याद्री ट्रेक त्यातच झाले पाहिजेत. निघायच्या आधी पायाची नखं कापा, उतरताना लांब नखं बुटाला ठोकर खाऊन काळी पडतात. कपड्यात सुती काही नको. आपलं गाव चादरी-टॉवेलचं, सगळं आयुष्य कापसात गेलेलं, आणि मी सांगतोय सुती बनियन घरी ठेवा, लोकांना पटत नाही, पण सुती कपडा घाम धरून ठेवतो, थांबलं की अंग गार पडतं आणि थंडीत तो वाळत नाही. आत घाम ओढून घेणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, कॅम्पवर बसायला एक जाड पफर. सोलापुरी चादर नेऊ नका, नुसतं ओझं होतंय आणि थंडीला पुरत पण नाही. गॉगल मात्र चांगला, यूव्ही अडवणारा, बर्फावर डोळे भाजतात हे आपल्याला माहीतच नसतंय.

खाण्यात आपण नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवडाभर काही होत नाही, मीठ, तेल, तिखट सगळं आलं. सह्याद्रीत ह्याला तोड नाही. पण वर १२ हजार फुटावर तोंड इतकं कोरडं पडतंय आणि भूक इतकी मेलेली असतीय की कोरडी कडक भाकरी गिळवत नाही, तिथं ती गरम डाळीत चुरून खायची, वर चटणी. शेंगापोळ्या चालताना खिशात. भूक नाही म्हणून कुणी जेवण टाळलं तर त्याच्याकडं लक्ष ठेवा, ते नुसतं नखरे नसतात. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, थोडं थोडं, मधनं ओआरएस. एकदम दोन लिटर ढोसून काही होत नाही, उलट त्रास.

आता उंची. ह्याची तयारी सोलापुरात होत नाही, पुण्यात होत नाही, सह्याद्रीत पण होत नाही, आणि श्वास अडवणारा ट्रेनिंग मास्क लावून पळून तर अजिबात होत नाही. हवेतला ऑक्सिजन वर पण २१ टक्केच असतो, हवेचा दाब कमी होतो, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. ४००० मीटरला समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के, साडेपाच हजारला निम्मा. शरीराला ह्याची सवय व्हायला दिवस लागतात आणि ते दिवस द्यावेच लागतात. नियम असा की ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा वर चढून रात्री खाली येऊन झोपलं तर उत्तम. ट्रेक कंपनी निवडताना त्यांचा दिवसवार कार्यक्रम घ्या, कुठल्या कॅम्पची उंची किती ते लिहून काढा आणि ह्या नियमाशी ताडून बघा. स्वस्तातले पॅकेज हाच एक दिवस कापून स्वस्त झालेले असतात. आपण तर कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथनं रात्रीची बस, असं अंग आंबवून पोचतो, त्यामुळं बेस कॅम्पला एक दिवस जास्त धराच.

पहिलं लक्षण डोकेदुखी. तिच्या जोडीला मळमळ, भूक नसणं, चक्कर, नको इतका थकवा, झोप न लागणं ह्यातलं काही आलं की माउंटन सिकनेस धरून चालायचं, "ऊन लागलं असेल" म्हणायचं नाही. तिथंच थांबायचं, वर जायचं नाही, बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुढं, वाढत चाललं तर खाली. ह्यात एक गंमत हाय, जो सगळ्यात फिट असतो, जिन्याच्या चाळीस फेऱ्या मारणारा, त्याला पण हे होतंय, कारण तो पळत वर जातो आणि दुखतंय म्हणून सांगायला त्याला लाज वाटते. म्हणून सोलापुरातच ग्रुपला सवय लावा, रोज संध्याकाळी प्रत्येकाला तोंडावर विचारायचं, डोकं दुखतंय का, जेवलास का, लघवीला किती वेळा गेलास. काकूंना पण विचारायचं, त्या आधी लाजतील, दोन दिवसांनी स्वतःहून सांगायला लागतील.

दोन गोष्टी मात्र जीवावरच्या. बसून असताना सुद्धा धाप, सततचा खोकला, छातीत घरघर, गुलाबी फेस, हे फुप्फुसात पाणी. दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खाणं, बरळणं, उत्तरं चुकीची देणं, हे मेंदूला सूज. मेंदूच्या सुजेची टेस्ट सोपी, जमिनीवर सरळ रेष मारा आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटाला लावत चालायला सांगा, जमलं नाही तर वाद घालत बसू नका. दोन्हीत इलाज एकच, लगेच खाली, रात्र असली तरी, निदान ३०० मीटर आणि बरं वाटेपर्यंत आणखी खाली, आणि एकट्याला पाठवायचं नाही. ऑक्सिजन, औषध हे खाली नेता नेता. डायमॉक्स गोळी प्रतिबंधासाठी घेतात, मोठ्या माणसाला साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, पण सोलापुरात असतानाच डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगून. वर दारू नाही, झोपेची गोळी नाही. ऑक्सिमीटर न्या पण आकड्यावर जाऊ नका, गार बोटाला तो काहीही दाखवतो, माणसाकडं बघा.

आणि कुणाला खाली पाठवायची वेळ आली तर तो निर्णय तुमचा, मतदान घ्यायचं नाही. हे निघायच्या आधी, इथं सोलापुरात, चहा पिता पिता सगळ्यांकडनं कबूल करून घ्या. तिथं पैसे भरलेत, रजा टाकलीय, घरी सगळ्यांना सांगितलंय, माणूस ऐकत नसतो.

एवढं करून आल्यावर ग्रुपातल्या एक-दोघांना चटक लागतीच आणि ते म्हणतात आता बर्फातलं शिखर. तिथं तुमचं काम संपलं. दोर, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे), आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड), घसरल्यावर स्वतःला थांबवणं हे जिन्यात शिकवता येत नाही. त्यांना बेसिक माउंटेनियरिंग कोर्सला पाठवा, दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, १९५४ ची), उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग, १९६५ ची) किंवा मनालीची संस्था, जवळजवळ महिनाभराचा कोर्स असतो, सरकारी असल्यानं फी खाजगी मोहिमांच्या मानानं कमी. जागा लवकर भरतात, वयाची अट असते, मेडिकल सर्टिफिकेट लागतं, त्यामुळं फॉर्म जितका आधी भरता येईल तितका आधी भरा आणि तोवर जिना चालू ठेवा, ह्या वेळी सॅकमध्ये बारा-पंधरा किलो.